खाटल्यावरचा ख्रिस्त

१९८८ साली मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ आला, तेव्हा तो न पाहताच संतापलेल्यांची संख्या मोठी होती. बिल ब्राइट या धर्मप्रचारकाने चित्रपटाच्या सगळ्या प्रती विकत घेऊन नष्ट करायची तयारी दाखवली. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सँ-मिशेल चित्रपटगृहाला आग लावली गेली, माणसं भाजली. चित्रपट शुभवर्तमानांवर नव्हे, तर कझान्टझाकिसच्या कादंबरीवर बेतलाय, हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं होतं. उपयोग शून्य.

राग होता तो येशू आणि मग्दालिया मरियेच्या शय्यादृश्यावर. आज पाहताना ते काही क्षणांत सरतं. खरा मोह वेगळाच आहे: क्रुसावरून सुटका, घर, पोरंबाळं, खाटल्यावरचं शांत म्हातारपण. आणि हा सुखी संसारी येशू त्याच्याच पुनरुत्थानाचा प्रचार करणाऱ्या पौलाला भेटतो, तो प्रसंग तर आजही अंगावर येतो. मी मेलोच नाही, असं खुद्द येशू सांगतोय आणि पौल ढिम्म! लोकांना ज्या ख्रिस्ताची गरज आहे तो आपल्याकडे आहे, समोरचा हा माणूस नसला तरी चालेल, असा त्याचा पवित्रा.

गंमत म्हणजे, येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव, हे चर्चनेच इसवी सन ४५१मध्ये खाल्सेडनच्या परिषदेत ठरवलं. स्कॉर्सेसीने त्यातला ‘पूर्ण मानव’ गंभीरपणे घेतला, इतकंच. शिवाय त्याचा येशू अखेर क्रुसावर परततो, स्वतःहून. निदर्शकांपैकी कितीजण तिथवर थांबले असते कोण जाणे.