मागची खोली

अंजूरला आमच्या घराची मागची खोली रिकामी आहे. गेल्या पावसात शेजारच्या चाळीत पाणी शिरलं, तेव्हा मी लगेच हजार रुपये जीपे केले. खोलीची चावी मात्र दिली नाही. ऑफिसच्या मीटिंगा, प्रायव्हसी वगैरे.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या. पुण्याच्या शारदा सदनात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर निवारे उभे केले. तेच पुढे मुक्ती मिशन. १९२२ला मरेपर्यंत रमाबाईंचं घर तेच.

ख्रिस्ती माणूस प्रेम क्रुसाशी ताडून बघतो. मी ख्रिस्ती नाही, पण तसं बघितलं तर माझे हजार रुपये कुणी दारात येऊ नये म्हणून भरलेले होते.

पाऊस तोंडावर आलाय. आई दोनदा म्हणाली, खोली झाडून ठेव. अजून झाडलेली नाही.