फूटपट्टी दुकानदाराच्या हाती

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर. माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावीत, एवढाच त्यामागचा हिशोब. पण तो पाळला जातोय का, हे बघायचे कुणी? 720 किलोमीटरच्या किनाऱ्यावर पहाटे लिलाव सुरू असताना मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस प्रत्येक टोपलीशी उभा राहू शकत नाही. गिऱ्हाइकाने बघावे म्हटले, तर कोळणीच्या पाटीवर निदान अख्खा मासा असतो; कल्ला उघडून ताजेपणा पारखणाऱ्याला लांबीही दिसते. मॉलमधल्या किंवा मोबाइलवरून मागवलेल्या पाकिटात मात्र बहुधा तुकड्या येतात. डोके नाही, शेपटी नाही. वजन, दर, पॅकिंगची तारीख सगळे छापलेले. मासा कुठल्या बंदरावर उतरला, कुठल्या जाळ्यात सापडला, केवढा होता, याचा सहसा पत्ता नाही. या साखळीत मासा अख्खा पाहणारा शेवटचा व्यवहारी माणूस म्हणजे दुकानाचा खरेदीदार. मासळी टिकवण्याची जबाबदारी खाणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर न टाकता या खरेदीदारावर टाकावी, असे माझे म्हणणे आहे.

त्याच्या शब्दाला वजन असते, हे इतरत्र दिसले आहे. 1992 मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, आणि पाच वर्षांतच गोठवलेल्या मासळीची बडी गिऱ्हाईक असलेली युनिलिव्हर कंपनी व निसर्गसंवर्धन करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था यांनी मिळून, मासळी टिकवून केलेल्या मासेमारीला शिक्का देणारी मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल उभी केली. यात परोपकार किती हे सोडा. कच्चा मालच आटत चालला होता. 2006 मध्ये वॉलमार्टने समुद्रातली मासळी याच शिक्क्याची घेण्याचे जाहीर केले. पुढे अलास्कातल्या बड्या सामन प्रक्रियादारांनी या शिक्क्याकडे पाठ फिरवली आणि 2014 मध्ये वॉलमार्टला दुसरी प्रमाणपत्रेही मान्य करावी लागली. म्हणजे अट चालते, तिचा मक्ता चालत नाही. आपल्याकडचा दाखला कोळंबीचा. ट्रॉल जाळ्यात कासवाला निसटायला वाट नाही, म्हणून अमेरिकेने 2019 पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले. हे दुकानाने नव्हे, कायद्याने केले हे खरे. पण त्या कायद्याने बोट ठेवले ते खरेदीवर.

असले शिक्के आपल्या मासेमारीला परवडणारे नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना 2014 मध्ये तो मिळाला, कारण जात एक, जागा एक. आपल्या डोल जाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली आणि पापलेटची पिल्ले एकाच ओढीत येतात. म्हणून शिक्का नकोच. पाकिटावर जात, बंदर, जाळे आणि महिना छापा, आणि खरेदीच्या टेबलावर फूटपट्टी ठेवा. महिना अशासाठी की पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हाची सुरमई पूर्व किनाऱ्याची की फ्रीझरमधली, हे कळायला हवे.

दुकानांनी नाकारलेली पिल्ले दुसरीकडे विकली जातील, काही फिशमीलच्या कारखान्यात जातील, असेही म्हटले जाते. जातील. पण तिथला भाव खायच्या मासळीच्या भावापुढे किरकोळ, आणि डिझेल-बर्फाचा खर्च तेवढाच. बारीक आसाचे जाळे मग किती दिवस परवडेल? मग कोळणीच्याच हाती पट्टी का नको? कारण ती लिलावात जी टोपली सुटेल ती घेते, निवडीला तिला फारशी जागा नसते. साखळी दुकान आकार आणि वजन आधी सांगून माल उचलते. ताटात मावेल एवढेच पापलेट हवे, असे कळवणाऱ्याला त्याहून लहान नको, असेही कळवता येते.

उरते महागाईची तक्रार. पाकीट थोडे महागेल, नाकारू नये. पण पापलेट आज तरी कुठे स्वस्त आहे? जाळ्यात कमी येऊ लागले, तसा त्याचा भाव चढत गेला.