ढगातला पायलट आणि प्रमाणांचा प्रश्न

मार्कर बीकन म्हणजे धावपट्टीच्या रेषेत जमिनीवर बसवलेला 75 मेगाहर्ट्‌झचा रेडिओ प्रक्षेपक. त्याचा झोत सरळ वर जातो. विमान बाहेरच्या मार्करवर आले की कॉकपिटमध्ये निळा दिवा लुकलुकतो, 400 हर्ट्‌झचे लांब ठोके ऐकू येतात.

पावसाळ्यात घाटकोपरवरून मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना कधी ढगांखेरीज काहीच दिसत नाही. मग स्थानाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने होते? ठोका ऐकणे हे प्रत्यक्ष. त्यावरून स्थान ठरवणे मात्र न्यायदर्शनाच्या मते अनुमान: धुरावरून अग्नी, तसे ठोक्यावरून स्थान. यंत्र योग्य जागीच बसवले आहे, हा विश्वास आप्तवाक्याच्या, म्हणजे शब्दप्रमाणाच्या जवळचा. केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाला अशा दिवशी अंधेरीत उतरणे कठीणच!

खरा वाद पुढचा. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, असे मीमांसा दर्शनाचे अनुयायी, मीमांसक म्हणतात. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या मते ते दुसऱ्या ज्ञानाने पडताळावे लागते. बाहेरच्या मार्करवर पायलट नकाशातली उंची उंचीमापकाशी ताडून पाहतो. इथे नैयायिकांचे पारडे जड दिसते. आता अनेक विमानतळांवर मार्करचे हेच काम डीएमई हे अंतर मोजणारे रेडिओ उपकरण करते. शेवटी, उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या पहिल्या श्रेणीच्या पद्धतीत साधारण 200 फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांना दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावे लागते.