पाच बदल एकदम, आणि दोष मदरबोर्डला

हातातले स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि सगळे इकडे बघा. सकाळी हे मशीन चालू होतं. हळू चालत होतं, डिस्क गच्च भरली होती, पण चालू होतं. दुपारी तुम्ही मला येऊन सांगता, "सर, मदरबोर्ड गेला." कशावरून गेला? एसएमपीएसचं व्होल्टेज मोजलंत? स्पीकर जोडून बीप ऐकलात? बोर्डाचं मॅन्युअल मालकांनी सोबत दिलं होतं. ते टेबलावर आहे तसंच पडलंय.

नवी हार्ड डिस्क, यूएसबीचं कार्ड, एजीपी कार्ड, रॅमची पट्टी आणि वर केबलही बदललीत. पाच बदल एका बैठकीत! आता पाचांपैकी नडलं कोण, हे तुम्हाला कोण सांगणार? एक वस्तू बसवा, मशीन चालू करा, काय झालं ते वहीत लिहा, मग दुसरीला हात लावा. हे सांगून सांगून माझा घसा बसला. वह्या कोऱ्याच आहेत तुमच्या.

मी उघडून बघितलं तेव्हा दोन्ही आयडीई डिस्कचे जंपर मास्टरवर होते. एकाच केबलवर दोन मास्टर असले की बायोसला धड एकही डिस्क सापडत नाही. तुमचा 'गेलेला' बोर्ड तो हाच. जुनी डिस्क आजवर एकटी होती म्हणून मास्टर होती. दुसरी जोडताना कोण मास्टर, कोण स्लेव्ह हे ठरवायचं असतं, आणि त्याचा तक्ता डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. वाचायला अर्धं मिनिट लागतं. केबलही उलटी लावलीत. 80 तारांच्या केबलला रंग काय शोभेसाठी दिलेत? निळं टोक बोर्डात, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल कड म्हणजे पहिली पिन.

पण यासाठी मी एवढा चिडलो नसतो. चिडलोय तो पुढच्या गोष्टीसाठी. ती 160 जीबीची डिस्क तुम्ही लॅबमधल्या नव्या मशीनवर एकाच पार्टिशनची करून आणलीत आणि या मशीनला जोडलीत. या मशीनवर विंडोज एक्सपी आहे, तेही पहिलं, एकही सर्व्हिस पॅक न टाकलेलं. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या सेक्टरचा पत्ता 28 बिटांचा असतो. म्हणजे जास्तीत जास्त 26,84,35,456 सेक्टर, प्रत्येक सेक्टर 512 बाइटचा. गुणाकार करा. 137 जीबीच्या आसपास हिशोब थांबतो. 48 बिटांचा पत्ता त्यानंतर आला, आणि एक्सपीला तो 2002 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून कळायला लागला. त्याआधीच्या विंडोजला मोठं पार्टिशन दिलंत तर काय होऊ शकतं, ठाऊक आहे? सीमेपलीकडे लिहिताना पत्त्याचे वरचे बिट गळतात, गणती पुन्हा शून्यावर येते आणि नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीवर लिहिली जाते. डिस्कची सुरुवात म्हणजे पार्टिशन टेबल. महिनाभर सगळं छान चाललंय असं वाटलं असतं, आणि 137 जीबी भरल्याच्या दिवशी डिस्क कोरी दिसली असती. आज जंपर चुकले म्हणून ती डिस्क ओळखली गेली नाही, एवढ्यावर निभावलं.

आणि डिस्क कुणाची? प्रेसवाल्या काकांची. लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप प्रिंटर पोर्टात बसतं, आणि आजच्या बहुतेक मशीनला तो पोर्टच नाही. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी नुसती चिन्हं उरतात. म्हणून तो माणूस हे जुनं मशीन जपतो. त्याला तुम्ही तोंडावर म्हणालात, "काका, भंगारात द्या, नवीन घ्या." माझ्यासमोर पुन्हा हे वाक्य काढायचं नाही. ज्याला दुरुस्ती जमत नाही त्याने गिऱ्हाइकाच्या वस्तूला भंगार म्हणू नये.

बॅकअप तर घेतलाच नव्हता. तरी एकाने सुचवलं की फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू! जुनी डिस्क अधूनमधून टकटक करते हे काकांनी आल्याआल्या सांगितलं होतं. टकटकणाऱ्या डिस्कवर ना फॉरमॅट, ना चेकडिस्क. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर, बाकीचं त्यानंतर.

कार्डांचंही तेच. बोर्ड इंटेल 845 चा, पहिल्या काळातला, यूएसबी 1.1 वाला. तेव्हा पेन ड्राइव्हसाठी यूएसबी 2.0 चं कार्ड घालायचा विचार बरोबर होता, हे मी मानतो. पण घातलंत कुठे? एजीपीला लागून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटात. पुष्कळ बोर्डांत त्या दोघांचा आयआरक्यू एकच असतो. पीसीआयमध्ये वाटणी चालते, तरी जुने ड्रायव्हर अडखळतात आणि मशीन मध्येच अडकतं. कुठला स्लॉट कुणाबरोबर वाटून घेतो याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. दोन स्लॉट खाली सरकवून बघायला काय हरकत होती? एजीपी कार्डाची खाच तरी बघितलीत का? 845 चा स्लॉट 1.5 व्होल्टचा. त्यात 3.3 व्होल्टचं जुनं कार्ड जोर लावून बसवलं तर बोर्ड खरोखरच जळतो. खाच जुळत नसेल तर दाबायचं नाही, थांबायचं.

वर मेन्सची वायर भिंतीत तशीच! पुढचं बटण दाबून मशीन बंद केलं की संपलं, असं नसतं. एटीएक्स एसएमपीएस बोर्डाला 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच ठेवतो. वायर आधी काढायची, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, मग कार्ड.

आता ऐका. नवं सगळं काढा. जुनी डिस्क, जुनी रॅम, जुनी केबल, होतं तसं मशीन उभं करा. पहिलं काम डिस्कची प्रत, ती झाल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. मग सर्व्हिस पॅक टाका, बायोस 48 बिट ओळखतो का तपासा, आणि तोवर नव्या डिस्कवर 137 जीबीच्या आतलंच पार्टिशन ठेवा. कार्डं एकेक करून, माझ्यासमोर बसवा. आणि काकांना फोन मी करणार नाही, तुम्ही करा. मशीन आज मिळणार नाही, आणि ते कुणामुळे, हे त्यांना खरं खरं सांगा.