दोन विधानं, माहिती एकच

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून नागरी सेवांच्या पूर्व परीक्षेत सीसॅट या कल चाचणीचा पेपर आणला. त्याच्या अभ्यासक्रमात ‘माहितीची पर्याप्तता’ हा प्रकार नावानिशी दिलेला आहे आणि पातळी दहावीची. बँकेच्या परीक्षांतही तो भेटतो. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. ते काढायला पहिलं विधान पुरतं, दुसरं पुरतं, दोन्ही लागतात, की दोन्ही मिळूनही भागत नाही, एवढंच ओळखायचं.

नफा-तोट्याचं एक उदाहरण घेऊ. घड्याळाची विक्री किंमत किती? पहिलं विधान: छापील किमतीवर शेकडा २० सूट देऊनही दुकानदाराला शेकडा २० नफा झाला. दुसरं विधान: छापील किंमत खरेदी किमतीपेक्षा शेकडा ५० ने जास्त होती.

घाईतला विद्यार्थी म्हणतो, एकात सूट आणि नफा आहे, दुसऱ्यात छापील आणि खरेदी किमतीचा हिशेब आहे; दोन समीकरणं झाली, सुटलं गणित. ‘दोन्ही मिळून पुरेशी’ यावर खूण करून तो पुढे जातो आणि गुण गमावतो.

खरेदी १०० धरून पाहा. शेकडा २० नफा, म्हणजे विक्री १२०. हे १२० छापील किमतीचे ८० टक्के, म्हणून छापील किंमत १५०. दुसरं विधानही नेमकं हेच सांगत होतं! पहिल्याच्या पोटात दुसरं आधीपासून होतं. घड्याळ २४० रुपयांना विकलेलं असो की २४०० ला, दोन्ही विधानं खरीच ठरतात, कारण रुपयांतला आकडा कुठेच नाही. त्याऐवजी ‘नफा ४० रुपये झाला’ एवढं कळलं असतं, तर पहिल्या विधानाच्या जोडीने खरेदी २०० आणि विक्री २४० हे लगेच निघालं असतं. आणि प्रश्न ‘शेकडा नफा किती’ असा असता, तर पहिलं विधान नुसतं वाचूनच काम झालं असतं.

म्हणजे विधानं किती मिळाली याला फारसं महत्त्व नाही. विचारलंय काय, आणि दुसऱ्या विधानाने पहिल्यात नवी भर काय घातली, हे बघायचं. व्यवहारात आपण हे सहज विसरतो. स्थळाची चौकशी करताना मामा म्हणतात मुलगा चांगला, शेजारच्या काकू म्हणतात मुलगा चांगला, ऑफिसातला कुणीतरी तेच म्हणतो. तिघांकडून कळलं म्हणून आपण निश्चिंत होतो. तिघांनीही ते एकाच मध्यस्थाकडून ऐकलेलं असतं, आणि मुलाला प्रत्यक्ष ओळखणारा त्यांत कुणीच नसतो.

नवी माहिती हाती आली की स्वतःला विचारावं: ही मिळाली नसती, तर माझं काय अडलं असतं? काहीच नसेल, तर आपण होतो तिथेच आहोत. तसं कबूल करायला चारचौघांत कमीपणा वाटतो. परीक्षेत मात्र ‘दोन्ही मिळूनही अपुरी’ हे बरोबर ओळखणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात.