समाधान हीही फीच

वडगावच्या कोर्टातली चांगली चाललेली वकिली सोडली. आता कुसगावात इंद्रायणी भात लावतो आणि संध्याकाळी पोरांचं गणित घेतो. भेटेल तो विचारतो, "वकीलसाहेब, समाधान आहे ना आता?" विचारण्यात आपुलकी असते, पण मला तो प्रश्नच खटकतो.

माझे दावे जमिनींचे. द्रुतगती मार्ग आला, बंगल्यांसाठी गुंठ्याला भाव आला आणि मावळात सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांना ओळखेनासे झाले. वाटपाचा दावा, वारसनोंद, मनाईहुकूम, मग तारखांवर तारखा. अशील खंगायचे, आमची फी मात्र चुकत नसे. वीट आला आणि काळा कोट उतरवला.

गीतेचा अठरावा अध्याय इथेच अडवतो. काम त्रासाचं म्हणून टाकलं, तर तो राजस त्याग; त्याचं फळ नाही. काम कर्तव्य म्हणून करत राहून आसक्ती आणि फळ सोडणं, हा सात्त्विक. या मापाने माझा त्याग राजसच ठरतो. आणि समाधान मिळावं म्हणून भात लावत असेन, तर फी तेवढी बदलली. आधी रोख घ्यायचो, आता मनातल्या मनात.

वकिली वरोऱ्याचे मुरलीधर आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांनीही सोडली. वकिलाची फी आणि मजुराची मजुरी यांतली तफावत त्यांना सलली. त्यांनी डोक्यावरून मैलाही वाहिला. तरी तुळशीराम नावाचा, अंग झडलेला कुष्ठरोगी दिसताच ते भिऊन पळाले. गांधीजींनी ज्यांना 'अभयसाधक' म्हटलं होतं, तेच हे. मग मागे फिरले, त्याची शुश्रूषा केली. 1949 साली महारोगी सेवा समिती उभी राहिली, पुढे आनंदवन. वकिली सोडण्यापेक्षा हे मागे फिरणं मला मोठं वाटतं. जिथे बरं वाटेल तिथे नव्हे, जिथून पाय मागे येत होते तिथे ते गेले.

माझे पाय भाऊबंदकीपासून मागे येतात. म्हणून रविवारी भांडणाऱ्या दोन्ही भावांना ओटीवर बसवतो, फेरफार वाचून दाखवतो, तडजोड सुचवतो. पैसे घेत नाही. पुष्कळदा दोघंही मलाच बोल लावून उठतात. हे काम मला मुळीच आवडत नाही. पण कागद वाचता येतो, आणि कोट उतरवल्याने ते विसरलं जात नाही.