प्रत काढण्यापूर्वी

समजा, खामगावच्या एका घरात वडिलांच्या पश्चात जुना आयपॉड सापडला. त्यात त्यांनी विकत घेतलेली बयाने व नात आहेत, शिवाय घरातल्या निकाहची चित्रफीत. ज्या संगणकावरून हे सारे भरले, तो केव्हाच मोडीत गेला. अ‍ॅपल कंपनीने २००१ साली हे यंत्र आणले तेव्हा गाण्यांचा भरणा संगणकाकडून यंत्राकडे, अशा एकाच दिशेने ठेवला होता. उलट दिशेने प्रत काढणारी सॉफ्टवेअर पुढे इतरांनी तयार केली. मुलाने ते वापरले तर तो चोर ठरतो काय?

माझ्या मते नाही. किंमत चुकती झालेली आहे. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही खासगी वापरासाठी रास्त सवलत देतो. मात्र एक गोष्ट सहज विसरली जाते : ते यंत्र आता तरका आहे. बहिणींचा त्यात वाटा आहे. प्रत काढण्याआधी त्यांना विचारले का?

दुसरी गोष्ट बाजाराची. मलकापूर असो वा मेहकर, पैसे घेऊन मेमरी कार्ड भरून देणारी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे कोणी म्हणतो, दीनचीच गोष्ट पसरते आहे, सवाबच मिळेल. दुसरा म्हणतो, संगीत मुळातच वर्ज्य, मग त्याची चोरी कसली? (वर्ज्य आहे तर कार्डात हवे कशाला, हे त्याला कोणी विचारत नाही.) एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत मनाई आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे ठराव केला की, लेखन व संशोधनाचे हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत. तेव्हा दुसऱ्याचे बयान परवानगीवाचून विकणाऱ्याने सवाबची आशा कशावर धरावी?

परंतु मला अधिक चिंता त्या निकाहच्या चित्रफितीची आहे. दुकानदाराने प्रत काढून दिली, मुलगा घरी गेला. दुकानाच्या संगणकात मात्र ती राहिली. तिच्यात घरातल्या मायबहिणी आहेत. त्या दुकानदाराच्या हाती पैशांसाठी नव्हे, विश्वासाने आल्या होत्या; ही अमानत आहे. त्याने ती पुन्हा उघडून पाहिली, तरी खयानत झाली. म्हणून घरच्यांनो, दुकानातून निघण्याआधी ती आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्या. आणि हे वाचणारा एखादा तरुण असे दुकान चालवत असेल, तर त्याने आज रात्री शटर ओढण्यापूर्वी आपल्या संगणकातली ती फोल्डरे मोजावीत.